पूड पडली तर डिंक, लोणी झालं तर इस्त्री

आक्का, तुम्हाला माती द्यायला उद्यमनगरातली किती माणसं आली होती, ते तुम्ही बघायला पाहिजे होतं.

सकाळी नऊ वाजताच आमच्या ओळीतली शटरं खाली आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लेथवाला आला, रेडिएटरवाला आला, सीटं शिवणारे दोघे भाऊ आले, फिटर लोक तर ग्रीसचे हात तसेच घेऊन आले. तुमच्या लिंगायत रितीप्रमाणे तुम्हाला बसवलं होतं. कपाळाला भस्म, अंगावर इरकल, मान ताठ. शेडमध्ये कामाला बसायचात तशाच. बापू डेंटर, ज्यानं तुम्हाला पहिल्यांदा 'बादलीवाली' म्हटलं होतं, तो बेलाचं पान टाकून मागं सरला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पेंटर, आता माझ्या गाड्यांचं कोण बघणार रं?" आवाज चिरकला त्याचा.

मला मात्र रडू आलं नाही. छाती नुसती फुगून आली होती. तुमच्या घरची माणसं काय म्हणतील म्हणून मी मान खाली घातली, पण खरं सांगतो, त्या गर्दीकडं बघून मला मिरवावंसं वाटत होतं. ही बाई पंधरा वर्षं माझ्या शेडमध्ये काम करत होती, असं एकेकाला धरून सांगावंसं वाटत होतं.

आणि त्याच बाईची पहिले काही महिने मला लाज वाटायची, हेही आज लिहूनच टाकतो.

आपली पहिली गाठ तुमच्या दुकानात पडली. शिवाजी पेठेत माझं घर, आणि दोन गल्ल्या सोडून तुमचं आणि तुमच्या यजमानांचं, आण्णांचं, प्लास्टिकच्या बादल्या-घागरींचं दुकान. मी तोवर पत्र्याचा माणूस. हातोडा, ठोकळा, खड्डे भरायची लांबी आणि रंग, एवढ्यावर माझं घर चाललं होतं. पण नव्वद साल मागं पडल्यावर नव्या गाड्या यायला लागल्या, आणि त्यांच्या नाकातोंडाला सगळं प्लास्टिक. पत्रा ठोकून सरळ होतो. प्लास्टिकचा तुकडाच पडतो. एका वकिलांच्या गाडीचं पुढचं ग्रिल मी झटपट चिकटणाऱ्या ट्यूबनं तीनदा जोडलं होतं आणि ते तीनदा सुटलं होतं. चौथ्यांदा वकिलांना काय सांगायचं या विचारात, ते ग्रिल पिशवीत घालून मी जेवायला घरी आलो होतो. वाटेत पॉलिश पेपर भिजवायला एक बादली घ्यावी म्हणून तुमच्या दारात थांबलो.

तुम्ही उंबऱ्यात बसून तापलेल्या लोखंडी पट्टीनं, तुमच्या भाषेत इस्त्रीनं, घागरीचा तडा सांधत होता. माझ्या पिशवीतून बाहेर आलेलं ग्रिल तुमच्या नजरेला पडलं.

"पावणं, ते काय हाय?"

"गाडीचं ग्रिल. मोडलंय."

"बघू."

मी दिलं. तुम्ही ते उलटं केलं, मागच्या बाजूनं ब्लेडनं चिपाटासारखा एक तुकडा काढला आणि काडी ओढून पेटवला. काळा धूर निघाला, काजळी उडाली. तुम्ही नाक पुढं केलंत.

"आमच्या घागरीचं न्हाय हे. टीव्हीच्या डब्याचं हाय. हे डिंक धरतंय."

"तीनदा सुटलं की."

"कारण तुमी त्याला धरू दिलं न्हाईसा. साबणानं धुतलासा काय?"

ज्या ग्रिलवर सहा-सात वर्षं पॉलिशचं मेण चोळलं होतं, ते मी धुतलं नव्हतं. वरून नुसतं फडकं मारलं होतं.

तुम्ही ते धुतलंत, वाळवलंत. तड्याच्या दोन्ही कडा घासून मध्ये खोबण केलीत, म्हणजे डिंकाला बसायला जागा. आतल्या बाजूनं खरखरीत करून जुन्या टीव्हीच्या डब्याची एक पट्टी कापून लावलीत, दोन ट्यूब मिसळून करतात त्या डिंकानं. मी जोड बघायला हात पुढं केला तर हातावर चापट बसली.

"उद्या. आज हात लावायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते ग्रिल मी दोन्ही हातांनी वाकवून बघितलं. जोड हलला नाही. मी म्हणालो, "आक्का, माझ्याकडं असली आणिक सात पडल्यात." तुम्ही घागर खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आणा की."

वर्षभर असंच चाललं. मी पिशव्या भरून आणायचो, तुम्ही सांधून द्यायचात. मग दुकानात डिंकाचा आणि थिनरचा वास कोंडायला लागला, घागर घ्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून परत फिरायला लागल्या. तेव्हा आण्णाच म्हणाले, "तिकडं शेडात जाऊनच कर की. दुकान मी बघतो." आण्णा घरात तुमच्याशी कानडीत बोलायचे, पण हे मराठीत म्हणाले, मला ऐकू यावं म्हणून. आजही मला वाटतं, त्या एका वाक्याला मोठं काळीज लागतं. त्या काळी आमच्या ओळीत बाई फक्त डबा द्यायला यायची.

म्हणूनच मी ते खोटं बोललो. नवीन गिऱ्हाईक आलं आणि कोपऱ्यात तुम्हाला बघून त्यानं भुवई उडवली, की मी म्हणायचो, "घरची हाईत, डबा घेऊन आल्यात." तीन-चार महिने हे चाललं. तुम्हाला ऐकू येत नाही अशी माझी समजूत होती. मग एकदा एका बागायतदाराला मी असंच सांगितलं आणि तुम्ही स्टुलावरून उठलात, हात पुसलेत आणि त्याच्या गाडीपाशी जाऊन म्हणालात, "डबा खाऊन झाला. आता तुमचा बंपर बघू." तो मनुष्य हसला. मी हसलो नाही. त्या दिवसापासून कुणी विचारलं तर सांगायला लागलो, "प्लास्टिकचं काम आक्काचं." सुरुवातीला हळू आवाजात सांगायचो. पुढं पुढं आवाज वाढत गेला.

तुमची परीक्षा सोपी होती. तुकडा पाण्यात टाकायचा. तरंगला तर घागरीच्या जातीचा, बुडाला तर टीव्हीच्या डब्याच्या जातीचा. काडी लावायची. मेणबत्तीचा वास आला तर एक, काळा धूर आला तर दुसरा. आणि शंका राहिली तर मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी पॉलिश पेपर फिरवायचा. "पूड पडली तर डिंक, लोणी झालं तर इस्त्री." म्हणजे घासल्यावर पांढरी पूड झडली तर ते प्लास्टिक डिंक धरणार, आणि पेपरखाली ते लोण्यासारखं लडबडलं तर डिंकाच्या नादाला लागायचं नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधायचं. कुरुंदवाडात सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं हे घागरी सांधता सांधता नाकानं आणि बोटानं शोधून काढलं होतं. पुढं कंपन्यांचे लोक कागद घेऊन यायला लागले, त्यांच्या कागदावरही फिरून तेच लिहिलेलं असायचं. मी ते वाचून दाखवलं की तुम्ही म्हणायचात, "बरं झालं, त्यास्नी बी कळलं."

भांडणं मात्र आपण खूप केली. सगळ्यात मोठं लांबीवरून.

लांबी म्हणजे माझा जीव की प्राण. पत्र्याचा खड्डा बुजवायची ती पुट्टी मी वीस वर्षं भरत होतो, माझ्या हाताला लांबीची लय होती. एका गाडीच्या मागच्या दाराचं प्लास्टिकचं पॅनेल तुम्ही जोडून दिलंत आणि वरून मी लांबी भरली, घासली, रंग मारला. आरसा झाला होता. तुम्ही गाडी उन्हात काढायला लावलीत.

"डोळे मिटा. हात फिरवा."

मी फिरवला. जोडाच्या भोवती, बशीची कड असावी तसा खळगा हाताला लागला.

"अंग मऊ आन् भराव दगूड," तुम्ही म्हणालात. "तुमचा पेपर मऊ अंगच खातोय की. भराव अंगासारखाच पायजे. त्याच्याहून कडक न्हाय."

"वीस वर्षं लांबी लावतोय मी, आक्का."

"पत्र्याला लावतायसा."

चार फिटर ऐकत होते. मी हातातला पेपर फेकला आणि बाहेर निघून गेलो. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानदाराला सांगून मी प्लास्टिकसाठीचा तो मऊ, दोन भाग मिसळायचा भराव पुण्याहून मागवला. डबा आला तो गुपचूप तुमच्या स्टुलाजवळ ठेवला. तुम्ही झाकण उघडलंत, वास घेतलात, बोटावर घेऊन चोळलात आणि म्हणालात, "पेंटर, चहा सांगा की." एवढंच. मी हरलो होतो, पण हरल्यासारखं तुम्ही वाटू दिलं नाहीत. त्या चहासाठी तुमचे आभार मानायचे राहिले.

आता मुरगूडच्या डॉक्टरीणबाईंचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही.

बाई बाळंतपणं करायच्या. खेड्यापाड्यांत बोलावणं आलं की स्वतः गाडी हाकत जायच्या. गाडीच्या पुढच्या भागात ज्या प्लास्टिकच्या चौकटीवर दिवे आणि ग्रिल बसतं, ती चौकट फुटली होती. नवी चौकट दोन महिने मिळणार नव्हती. तुम्ही ती जोडलीत. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलंत, म्हणजे तडा पुढं पळू नये. आतून फायबरची जाळी लावून डिंक भरलात. एका ठिकाणी तुकडाच उडाला होता, तिथं वजन येणार म्हणून जाळी घालून तुम्ही परत डिंकानंच ती जागा सांधणार होतात, पण आधीचा डिंक वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी. आणि पुतणीच्या लग्नाला तुम्ही कुरुंदवाडला गेलात. जाताना सांगून गेलात, "भरायचं काम भरावाचं, धरायचं काम डिंकाचं. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. मी आल्यावर करतो."

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. संध्याकाळी गाडी पाहिजेच, दोन बायकांचे दिवस भरलेत. मी हो म्हणालो. मला वाटलं, एवढं काय त्यात. ती मोकळी जागा मी माझ्या लांबीनं भरली. लवकर वाळावी म्हणून हार्डनर दुप्पट घातला. तासाभरात दगडासारखी झाली. घासली, रंग मारला, गाडी दिली. बाई माझे आभार मानून गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुरगूडच्या पुढं खराब रस्त्यावर ती चौकट मोडली. दिव्यासकट आत सरकली, पंख्यात अडकली, पंख्याचं पातं रेडिएटरला लागलं आणि सगळं पाणी रस्त्यावर. बाईंनी गाडी तिथंच सोडली आणि दुधाच्या गाडीतून पुढं गेल्या. पोचायला उशीर झाला. गावातल्या सुईणीनं कसंबसं निभावलं होतं. बाळ-बाळंतीण वाचली, पण त्या बाईचं रक्त फार गेलं होतं.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्या तेव्हा तुम्ही कुरुंदवाडहून परतला होता. बाईंनी मोडकी चौकट तुमच्या पुढ्यात टाकली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त भीती वाटली. "हे काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

तुम्ही चौकट उचललीत. मोडलेल्या कडेवर माझी लांबी होती, बिस्किटासारखी तुटलेली. तुमचा डिंक आणि तुमची जाळी शेजारीच होती, जशीच्या तशी. तुम्हाला एका नजरेत सगळं कळलं. तुम्ही एकदाच माझ्याकडं बघितलंत. मी तोंड उघडायला गेलो. पण हातातलं फडकंच तेवढं झटकलं.

"काम माझं हाय, डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "चूक माझी."

बाई काय बोलल्या, ते तुम्ही उभ्यानं ऐकून घेतलंत. एका शब्दानं उलटं बोलला नाहीत. मग म्हणालात, दोन दिवस द्या, दोन दिवसांच्या आत मागू नका. बाई गेल्यावर मी वाट बघत होतो की आता तुम्ही ओरडणार. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"हार्डनर किती घातलासा?"

"दुप्पट."

"बरं. तो तुकडा टाकून देऊ नका. टांगा."

अशी आपली ती फळी सुरू झाली. शेडच्या दक्षिणेच्या पत्र्यावर, जिथं दुपारचं ऊन सगळ्यात कडक लागतं, तिथं फळी ठोकून तुम्ही बोटभर रुंदीच्या पट्ट्या टांगायला लागलात. प्रत्येक जातीचं प्लास्टिक, प्रत्येक जातीचा डिंक, प्रत्येक जातीचा भराव. मध्ये जोड, खाली तारेनं बांधलेली अर्धी वीट. नवीन डिंक बाजारात आला की त्याची पट्टी आधी फळीवर, मग गिऱ्हाइकाच्या गाडीवर. उन्हाळा काढायचा, पावसाळा काढायचा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुमचं बाळबोध अक्षर. कुठलं प्लास्टिक, कशानं जोडलं, आणि पुढं 'हाय' किंवा 'पडला'. ओळीतली पोरं गंमत करायची, ही काय विटांची माळ म्हणून. पण सकाळी शेड उघडल्यावर आधी फळीकडं बघायची सवय हळूहळू सगळ्यांनाच लागली. बापूसुद्धा रस्त्यापलीकडून ओरडायचा, "आक्का, बावीस नंबर पडला व्हय?"

याच फळीनं त्या सर्व्हेअरला गप्प केलं. विम्याचा माणूस, बाहेरगावचा, इस्त्रीचा शर्ट. एका निवृत्त मास्तरांच्या गाडीचा प्लास्टिकचा मडगार्ड चिरला होता. त्यानं कागदावर लिहून टाकलं, दुरुस्ती नामंजूर. मला म्हणाला, "प्लास्टिक एकदा फुटलं की भंगार. जोडलेलं टिकत नसतं." मास्तर हवालदिल झाले. नवा मडगार्ड येईपर्यंत गाडी दोन महिने उभी राहिली असती, आणि त्यांच्या घरात डायलिसिसला न्यायचं माणूस होतं.

तुम्ही फळीवरून एक पट्टी काढलीत. वर्षभर ऊनपाऊस खाल्लेली. शेडच्या शिकंज्यात अडकवलीत आणि त्याच्या हातात पक्कड दिलीत.

"तोडा."

"म्हणजे?"

"जोडावर तोडून दाखवा. तुटला तर मडगार्ड भंगारात."

त्यानं ओढलं, वाकवलं, शेवटी बाह्या सारून जोर लावला. कट्कन आवाज झाला. पट्टी तुटली, पण जोडाच्या बोटभर शेजारी, अखंड प्लास्टिकमध्ये. जोड होता तसाच. त्यानं तुकडा उलटसुलट करून बघितला. मग कागद परत काढला आणि खोडलं. जाताना म्हणाला, "हा तुकडा घेऊन जाऊ काय?"

"न्या की. परत आणा पण. नंबर घातलाय त्यावर."

आणि तो परत घेऊन आला, आक्का! तीन महिन्यांनी. सोबत दुसरा एक सर्व्हेअर होता. त्याला तुमच्या पुढ्यात उभा करून म्हणाला, "ह्यांचं काम बघ." त्या दिवशी माझ्याकडं बघायला पाहिजे होतं. मी उगीचच शेडमध्ये इकडून तिकडं फिरत होतो, हातात काही नसताना.

पुढं आयटीआयमधल्या पोरांपुढं बोलायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही जायला तयार नव्हता. "मला काय बोलाय येतंय," म्हणत होता. शेवटी गेलात, पदराखाली प्लास्टिकच्या तुकड्यांची पिशवी घेऊन. तुम्ही बोलला नाहीतच. प्रत्येक पोराच्या हातात एक तुकडा, एक काडी आणि पाण्याचा ग्लास दिलात आणि म्हणालात, "सांगा, ह्याला काय लावू?" दोन तास ती पोरं हलली नाहीत. मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या शिक्षकानं विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" मला पटकन सांगता येईना. मी म्हणालो, "आमची शेड एक हाय." आज विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं. काय, ते माहीत नाही. पण वेगळं.

दवाखान्यातल्या त्या बारा दिवसांत तुम्ही नर्सबाईंना हैराण केलंत. पलंगाच्या जेवणाच्या ट्रेला तडा होता, त्यावर टिचकी मारून मला म्हणालात, "पेंटर, हे पूड पडणारं हाय. उद्या डिंक घेऊन या." मी आणला. आपण दोघांनी मिळून तो ट्रे सांधला. तुमच्या एका हाताला सलाईन, म्हणून धरायचं काम माझं. नर्सबाई वासानं धावत आल्या. तुम्ही डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलंत आणि बोलणी मी खाल्ली.

आणि त्याच दिवशी आपलं शेवटचं भांडण झालं. बाजारात एक नवी बाटली आली होती. ती आधी लावली की लोणी होणारं प्लास्टिकसुद्धा डिंक धरतं, असं विकणारा सांगत होता. दिवा ज्यांवर बसतो ते तुटलेले कान तिच्यानं जोडावेत असं माझं मत. तुम्ही ऐकायला तयार नव्हता.

"लोण्याला डिंक? त्या बाटलीवाल्याला सांगा, जल्मभर घागरी सांधल्यात म्या. इस्त्रीबिगर इलाज न्हाय."

"आक्का, दिवस बदलल्यात."

"प्लास्टिक बदललंय काय?"

"तुमी बाहेर या, दाखवतोच."

"दाखवा की. हरलो तर हरलो म्हणीन. आजवर म्हणायची पाळी आली न्हाय, एवढंच." आणि तुम्ही हसलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमचं कार्य आटोपल्यावर मी मुरगूडला गेलो. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झालेत. मी उभ्यानंच सांगितलं, "बाई, ती चौकट मी भरली होती. आक्कांनी माझी चूक अंगावर घेतली. त्या असताना सांगायचं धाडस झालं नाही." मला वाटलं होतं, बाई चकित होतील. त्या नुसत्या "बसा" म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. चौकट मोडली त्याच आठवड्यात तुम्ही एसटीनं मुरगूडला गेला होतात. त्या बाळंतिणीचं गाव विचारून घेतलंत. तिच्या घरी खण-नारळ आणि डिंकाचे लाडू घेऊन गेलात, तिच्या सासूपुढं हात जोडलेत आणि आमच्या हातनं चूक झाली म्हणून सांगितलंत. बाई म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं, खरं काम कुणाचं. त्या म्हणाल्या, शेड एक हाय, चूक बी एकच. आणि पेंटरला सांगू नका, तो आधीच झोपत न्हाय." ती बाळंतीण त्यानंतर दरवर्षी पोराच्या वाढदिवसाला तुम्हाला निरोप धाडायची म्हणे. एवढी वर्षं मी तुमच्यापासून दोन हातांवर बसत होतो आणि मला पत्ता नव्हता.

परतीच्या एसटीत मला रडू आलं. शेजारच्या पावण्यानं खिडकीची जागा दिली.

शेड उघडली तेव्हा पहिलं काम मी ते भांडण मिटवायचं केलं. लोणी होणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक तुमच्या पद्धतीनं, कांडी वितळवून इस्त्रीनं सांधली. दुसरी त्या नव्या बाटलीचा हात देऊन डिंकानं. दोन्हींना सारख्या विटा. दोन्ही दक्षिणेच्या पत्र्यावर. रोज सकाळी बघत होतो. काल सकाळी इस्त्रीची पट्टी खाली पडली होती. डिंकाची टांगलेली होती.

मी स्टुलावर बसून राहिलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्यापुढं माझं खरं ठरलं होतं आणि ओरडून सांगायला समोर कुणी नव्हतं. बापूनं रस्त्यापलीकडून बघितलं आणि आत आला. पडलेली पट्टी उचलली, वर टांगलेली बघितली. त्याला भांडण माहीत होतं, सगळ्या ओळीला माहीत होतं.

"म्हंजे शेवटी आक्काला हरवलंस की रं, पेंटर."

मी त्याच्या हातातून पट्टी घेतली. सांध्यावरून बोट फिरवलं. एका कडेला कांडी नीट वितळलीच नव्हती, दुसऱ्या कडेला जास्त वितळून प्लास्टिक पातळ झालं होतं. इस्त्री कुठं थांबवायची, कुठून उचलायची, ते मला कधी जमलंच नाही.

"न्हाय," मी म्हणालो. "हा तुकडा माझ्या हातचा हाय. आक्काच्या हातचा न्हाय."